दिव्यानीचा मामा

फोन आला तो गुरुवारी. रविवारी आला असता तर कुणी दचकलं नसतं. रविवार हा दिव्यानीचा वार होता, चार वाजता, दहा मिनिटं, वसतिगृहाच्या मॅडमच्या टेबलावरून. गुरुवारी फोन येण्याचं एकच कारण तिच्या मायला, रुखमाबाईला, सुचलं. अंगणात मोहफुलं वाळत होती. त्यातलं एक हातात धरून ती तशीच बसून राहिली.

"पोरगी बरी हाय म्हंते," दादाजीने फोन ठेवून अंगणाला सांगितलं.

ते नेहमी अंगणालाच सांगत. भासऱ्याने धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही आणि तिने भासऱ्यापुढे तोंड उघडायचं नाही, ही रीत या घरात बावीस वर्षं पाळली गेली होती. तिचा नवरा, मधला भाऊ सुखदेव, गेल्यावरही ती मोडली नाही. दादाजी अंगणाला सांगत, रुखमाबाई चुलीला उत्तर देई, आणि मधे तिचा मुलगा निकेश नाहीतर निदान मांजर असलं की संसाराची कामं बिनबोभाट होत. धानोऱ्याच्या बाजारात लोक या गोष्टीची थट्टा करत, पण अदबीने.

"पन उद्या या म्हंते. चंद्रपूरले. मायले घेऊन या म्हंते."

"काऊन?" रुखमाबाईने चुलीला विचारलं.

"थे नाई सांगतलं."

रात्रभर तिने नाही नाही ते मनात आणलं. पोरगी पडली असेल, तापाने फणफणली असेल, पेपर बिघडला म्हणून काही खाल्लं-पिलं असेल. डॉक्टरकीच्या परीक्षेची ही दिव्यानीची दुसरी खेप. पहिल्या खेपेला थोडक्यात हुकलं, तेव्हा घरात मोठी बैठक बसली होती. धाकटा दीर प्रफुल गडचांदूरहून मुद्दाम आला आणि म्हणाला, झालं ते पुष्कळ झालं, माझ्या खात्यातला एक मुलगा आहे, उजवून टाका. दादाजी म्हणाले, सुखदेवच्या पोरीला आणखी एक वर्ष. त्या एका वर्षातले दहा महिने आता सरले होते. परीक्षेला सात आठवडे राहिले होते.

सकाळच्या गाडीत तिने मांडीवर डबा धरला होता. तांदळाच्या पिठाची धिरडी, म्हणजे आयते, आणि वांग्याचं भरीत. मूल गाव मागे पडलं तशी दादाजीची मान डुलू लागली आणि ती खिडकीतून जंगलाकडे न बघण्याचा प्रयत्न करत राहिली. दोन वर्षांपासून ती हेच करत आली होती.

प्रफुल बसस्थानकावर उभाच होता. अर्धी रजा टाकून आलेला, भुवयांवर सिमेंटची पांढरी भुकटी तशीच.

"काय झालं, वैनी?" त्याने विचारलं. तिने मान हलवली. "काही का असेना, आता पोरीले घरी नेऊ. मी मागंच म्हणलो होतो."

वसतिगृह शहराच्या अगदी टोकाला होतं. तीन मजली, पिवळी इमारत. मागे कपडे वाळत घालायची मोकळी जागा, मग भिंत, भिंतीपलीकडे बाभळीचं रान, नाला, आणि त्याच्याही पलीकडे कोळशाच्या जुन्या खाणीतल्या मातीचे डोंगर. आत शिरताना भिंतीवर दर आठवड्याच्या टेस्टच्या निकालाची यादी चिकटवलेली होती. रुखमाबाईला एवढंच वाचता येत होतं की आपल्या पोरीचं नाव वरून चौदावं आहे. चौदावं नाव असलेल्या पोरीला काय झालं असेल, हे तिला कळेना.

मॅडम पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. वाईट बाई नव्हती. सव्वाशे परक्या पोरींवर लक्ष ठेवून माणूस जसं दमतं तशी दमलेली होती. तिने तिघांना बसवलं, पाणी मागवलं आणि दादाजीला विचारलं, "दिव्यानीला मामा किती?"

"मामा?" दादाजी म्हणाले. "एकही नाई. तिची माय एकलीच होती मायबापाले."

हे ते मोठ्या प्रामाणिकपणे बोलले, आणि तिथेच घात झाला. मॅडमने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"तेच मला ऐकायचं होतं."

टेबलाच्या खणातून जीवशास्त्राची वही निघाली. मॅडमने ती मागच्या बाजूने उघडली.

"काल दिवेलागणीला तिच्या खोलीतल्या मुलीने आणून दिली. मी वाचते, तुम्ही ऐका. 'सोमवार. मामा आला नाई.' 'बुधवार. मामा आला. भिंतीपाशी बसला. मी हलली नाई.' मग 'शनिवार. टेस्टमध्ये चौदावी. सांजच्याले मामाची वाट पायली. अंधार पडता पडता आला. कोनाले सांगतलं नाई.'" मॅडमने वही मिटली. "सव्वासहा ते साडेसहा आम्ही मुलींना मोकळं सोडतो. ती रोज एकटी मागे जाते. तिथे भिंतीच्या विटा पडल्यात, माणूस सहज आत येईल एवढं भगदाड आहे. दर वर्षी अशा दोन-चार मुलींचे मामा निघतात हो. कुणाचा मावसभाऊ निघतो. मी तरी काय करू?"

प्रफुलची मान खाली गेली. दादाजी टोपी काढून हातात घेऊन बसले. त्यांना काही सुचत नव्हतं, आणि टोपी हातात आली की त्यांना सुचत नाही हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

रुखमाबाईला मात्र पहिल्याच ओळीला कळलं होतं.

तिचं माहेर एटापल्लीच्याही आत. तिकडे दिवस कलला की त्याचं नाव कुणी घेत नाही. आणि ज्या घरातलं माणूस त्याने नेलं, त्या घरातल्या बायका पुढे कधीच, भर दुपारीही, ते नाव तोंडातून काढत नाहीत. मामा म्हणतात. मामा भाच्यांना खात नाही, एवढ्याच आशेवर. सुखदेवला नेल्या दिवसापासून रुखमाबाई मामा म्हणत होती, आणि तिच्या मागे तिची दोन लेकरं. दादाजीच्या घराण्यात ही पद्धत नव्हती, ते खुशाल नाव घेत. रुखमाबाई बायकांत आणि लेकरांत काय बोलते हे दादाजीच्या कानावर पडायचा प्रश्नच नव्हता. प्रफुल तर पंधरा वर्षं गडचांदूरच्या क्वार्टरात. त्या खोलीत तो शब्द एकटीलाच कळत होता.

हा मामा म्हणजे खरंच कुणी मुलगा असता तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं. आणि असं आपल्या मनात यावं याचीच तिला लाज वाटली.

"बोलवा तिले," प्रफुल म्हणाला.

दिव्यानी आली. दिवाळीपेक्षा निम्मी झाली होती. डोळ्यांखाली काळं, बोटांना शाई. तिने मायकडे पाहिलं, मग टेबलावरच्या वहीकडे, आणि तिचा चेहरा पुसल्यासारखा कोरा झाला.

"कोन हाय थो?" प्रफुलने विचारलं.

दिव्यानीने शाईची बोटं मुठीत लपवली.

"कुठचा हाय? क्लासमधला हाय काय? नाव सांग नाव."

"कोनी नाई, काका."

"मंग हे काय लिवून ठेवलं? मामा कुठून आला तुले?"

तिने पुन्हा मायकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते रुखमाबाईला नीट कळलं. सांगू नको, असं होतं. सांगितलंस तर हे आत्ता उचलून नेतील. पोरीने विचार केला होता, नाव बदनाम झालं तर रागावतील, माफीनामा लिहून घेतील, पण ठेवतील. शिकलेल्या पोरींना कधीकधी फार साध्या गोष्टी कळत नाहीत.

"नियम आहे," मॅडम म्हणाली. "नाव कमी करावं लागेल. मलाही वाईट वाटतं. चौदावी आहे ती. पण उद्या काही झालं तर तुम्हीच माझ्या दारात याल."

"बरोबर हाय तुमचं," प्रफुल म्हणाला. "दादा, आता काही बोलू नका. मी आजच घेऊन जातो तिले गडचांदूरले. पोरगा अजून थांबून हाय. ही भानगड त्याच्या कानावर जायच्या आंदी उरकून टाकू."

दादाजीने मान डोलावली. गेल्या वर्षी पोरीच्या बाजूने घरभर एकटा उभा राहिलेला माणूस, त्याने फक्त मान डोलावली.

रुखमाबाईने मनातल्या मनात तोलून पाहिलं. न बोलावं तर पोरीचं शिक्षण गेलं, नाव गेलं, आणि कुणा अनोळखी पोराच्या घरात ती आयुष्यभर गुन्हेगारासारखी राहणार. बोलावं तर दादाजी तिला इथे क्षणभर ठेवणार नाहीत. शिवाय बोलायचं म्हणजे भासऱ्यापुढे बोलायचं, आणि त्याचं नाव घेऊन बोलायचं. दोन्ही तिने कधी केलं नव्हतं. डोक्यावरचा पदर तिने घट्ट धरला.

"वाघ हाय थो," ती म्हणाली.

कुणी बोललं असं आधी कुणाला वाटलंच नाही. मग दादाजीने वळून पाहिलं. बावीस वर्षांत त्यांनी हा आवाज समोरून ऐकला नव्हता.

"आमच्याकडं वाघाले मामा म्हंतेत, मॅडम. ह्यायचे बाबा गेल्यापासून आमी नाव घेत नाई. पोरगी वाघाची वाट पाहून राह्यली होती. मानसाची नाई."

चंद्रपूरच्या माणसाला असं काही ऐकून हसू येत नाही. मॅडमने हातातला पेन हळूच खाली ठेवला. मागच्या महिन्यात चौकीदाराचं कुत्रं नाहीसं झालं होतं. चोरीला गेलं असेल, असं तिनेच म्हटलं होतं.

"खरं काय गं?" मॅडमने विचारलं.

दिव्यानी रडू लागली, म्हणजे खरं होतं.

सगळे मागे गेले. उन्हं कलली होती, दोरीवर सव्वाशे पोरींचे कपडे लोंबत होते. दादाजी पुढे होऊन भगदाडापाशी वाकले. पलीकडच्या मऊ मातीत एक पंजा स्पष्ट उमटला होता, माणसाच्या पसरल्या हाताएवढा. दादाजीने तो पाहिला आणि हळूहळू मागे सरकत आले. सुखदेव बांधावर गवत कापत बसला असताना नेला, घरापासून दोनशे पावलांवर. सापडलं ते दादाजीनेच धोतराच्या पदरात आणलं होतं.

"सामान भर, बेटा," ते म्हणाले.

मॅडमच आता काकुळतीला आली. "अहो, थांबा. मी आत्ता वनखात्याला फोन करते. कॅमेरे लावतील, गस्त घालतील. उद्या भिंत बांधून घेते. दिव्यानीला तिसऱ्या मजल्यावर हलवते, माझ्या शेजारच्या खोलीत. मागे कुणाला फिरकूच देणार नाही. सात आठवडे राहिलेत. माझं चुकलं, मी तिच्यावर नको तो आळ घेतला. पण नेऊ नका."

"मॅडम, एक मानूस दिला आमी," दादाजी म्हणाले. "मले दुसऱ्यांदा गोळा करून आनता येनार नाई."

"बरोबर हाय दादाचं," प्रफुल म्हणाला. आजच्या दिवसात तो दोन्ही बाजूंनी बरोबर ठरत होता.

"थो काई करत नाई, मोठेबाबा," दिव्यानी मधेच म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"येते, त्या बाभळीखाली बसते, मंग जाते. मी इथी दगडावर बसून राह्यते." मग ती मायकडे वळली आणि तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला. "दिवसभर नुसतं वाचा, लिवा, पेपर द्या. माझ्याशी कोनी बोलत नाई, माय. माझ्या बोलन्याले हासतेत. थो आला का मले घरी असल्यावानी वाटते."

रुखमाबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. पंजा बघून आला नव्हता एवढा. ज्याने बाप खाल्ला, त्याचीच सोबत ही पोर रोज संध्याकाळी शोधत होती. तिला भीतीच उरली नव्हती. नाव घ्यायचं नाही, नाव घ्यायचं नाही म्हणता म्हणता आपणच त्याला घरचा करून ठेवला, असं रुखमाबाईला वाटलं आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"कोन्ता दगड?" तिने विचारलं.

कपडे धुवायचा दगड भिंतीच्या अलीकडे, आत होता. सांडपाण्याने भोवती चिखल झालेला. रुखमाबाई उकिडवी बसली आणि माती बघू लागली. दिव्यानीच्या चपलेचे ठसे जिकडेतिकडे होते, आडव्या रेघांचे. दगडापासून इमारतीकडे जाणारी एक ओळ होती, कालच्या संध्याकाळची, अजून ओलसर. त्या ओळीवर एका जागी रुखमाबाईची नजर थांबली.

"इकडं ये."

दिव्यानी आली.

"बस. हे काय हाय?"

"माझी चप्पल."

"कवाची?"

"कालची. मी आत जाताना."

"आन् हे?"

दिव्यानी वाकली. चपलेच्या आडव्या रेघा मधोमध दबून पुसल्या होत्या, आणि त्या जागी चार गोल बोटं आणि मागची गादी उमटली होती. पावलावर पाऊल. तिने पुढे पाहिलं. पुढच्या पावलावरही तेच, आणि त्याच्या पुढच्या. इमारतीच्या मागच्या दारापासून पाच-सहा हात अलीकडे ते पंजे मागे वळले होते.

"माती चपलेखाली दबली, मंग त्याच्याखाली दबली," रुखमाबाई म्हणाली. "तू उठून गेली आन् थो तुझ्या मांगं आला. बसून असते तवा थो मानूस समजत नाई, शेळीवानी काईतरी समजते. तुझा बाप बसूनच होता."

दिव्यानीचा हात जमिनीवरून उचलला गेला.

"म्हन, कोन हाय थो."

"मामा."

"मामा नोको म्हनू. तुले मामा नाई."

"माय..."

"म्हन."

"वाघ," दिव्यानी म्हणाली, आणि तिचे दात वाजू लागले.

रुखमाबाई उठली. गुडघ्याला चिखल तसाच. पदर सरळ करून ती दादाजीसमोर आली, अंगणाकडे नाही, चुलीकडे नाही, सरळ त्यांच्याकडे तोंड करून.

"पोरगी इथंच राहीन, भाऊजी."

"निकेशच्या माय, तुमी पायलं ना आता?"

"पायलं. घरी नेऊन कुठी ठेवता तिले? ह्यायचे बाबा काई जंगलात नोते गेले. आपल्या घरामांगं गेले. तिथी भिंत नाई, तिसरा मजला नाई. तिथी मी रोज भेते. आता इथंही भेईन."

"आन् काई झालं मंग?"

"मंग मले तरी कुठी गोळा करता येनार हाय?" ती जागची हलली नाही. "पन थ्या भेवानं तिले गडचांदूरच्या पोराले देऊन टाकाची काय? तुमीच म्हनलं होतं एक वर्ष. दोन मयने बाकी हायेत त्यातले."

"वैनी, हे तुमाले कळत नाई," प्रफुल म्हणाला.

"तू थांब रे," दादाजी त्याला म्हणाले.

त्यांनी टोपीच्या घडीवरून बोट फिरवलं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असणार. पण या बाईशी वाद घालायची त्यांना सवय नव्हती, आणि एवढ्या वयात ती कुठून लावून घेणार. शेवटी त्यांनी मॅडमला विचारलं, भिंत उद्या म्हणजे उद्याच ना, आणि टोपी डोक्यावर ठेवली.

सामान तिसऱ्या मजल्यावर गेलं. प्रफुलने ट्रंक स्वतः उचलली, एक अक्षर न बोलता. वनखात्याचे दोघे मोटरसायकलवरून आले, मोजमाप घेतलं, मागचं दार कुलूप लावून बंद करून टाकलं. साडेपाचची गाडी धरायची होती. दादाजी आणि प्रफुल फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले.

रुखमाबाईने डबा दिव्यानीच्या हातात दिला. "आयते आजच खा. भरीत टिकनार नाई."

दिव्यानीने डबा घेतला नाही. तिने मायच्या लुगड्याचा काठ धरला होता, दोन्ही मुठींनी, आणि तिचे डोळे कंपाउंडच्या कोपऱ्याकडे, मागे जायच्या वाटेकडे लागले होते.

"माय, मले भेव लागते."

"लागू दे."

"मले घरी ने. मले नाई राहाचं इथी. मी नाई जात भिंतीकडं, पन मले घरी ने. रातच्याले थो दारापर्यंत आला तं?"

"दाराले कुलूप हाय. मॅडम बाजूले हाय."

"माय, ने ना मले. मी नाई होत डाक्टर."

फाटकातून प्रफुलने हाक मारली, गाडी निघून जाईल म्हणून. आत्ता घेऊन निघालं तर कुणी एका शब्दाने अडवणार नव्हतं. दादाजीला हवंच होतं, पोरीलाही आता तेच हवं होतं. रुखमाबाईलाही हवं होतं, आज सकाळपासून, खरं म्हणजे दहा महिन्यांपासून, रोज. पोरीचा हात धरून फाटकाबाहेर पडायला वीस पावलंसुद्धा लागली नसती.

तिने डबा पायरीवर ठेवला. मग ती दिव्यानीच्या मुठी उघडू लागली. पोरीने जीव खाऊन धरलं होतं, एक बोट सोडवावं तर दुसरं घट्ट होई. रुखमाबाईने एकेक बोट सोडवलं, ते पुन्हा आवळू नये म्हणून आपल्या हातात धरून ठेवलं, आणि दहाही सुटली तेव्हा पोरीला मॅडमच्या अंगावर ढकलून ती फाटकाकडे चालू लागली.